त्रेसष्ट शेरे

दुसऱ्याच्या कामावर मत देणें आपल्याकडे इतकें सोपें मानलें जातें कीं, त्यासाठीं कांहीं शिकावें लागतें ही गोष्ट कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. लग्नांतील पंगत, शेजाऱ्याचें नवें घर, भाच्यानें म्हटलेलें नाट्यपद, या सर्वांवर घरीं परत येतां येतांच आपण निकाल देऊन मोकळे होतों. आमचा तर चौतीस वर्षें निकाल देण्याचाच व्यवसाय होता. म्हणून गेल्या वर्षीं एका संकेतस्थळाच्या मांडणीवर अभिप्राय देण्याचें काम आमच्याकडे आलें, तेव्हां तें आपल्या हातचा मळ आहे असें आम्हांस वाटलें. तें तसें नव्हतें. त्या प्रकरणांत आमचें काय चुकलें, तें वाचकांपुढें ठेवण्यासाठीं या महिन्याचीं पानें खर्चीं घालीत आहों.

विषय अगदींच परका नाहीं. वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं आज मुलगा, सून किंवा भाची संगणकावर बसून लोकांचीं कामें करून देते. आणि अनेक वाचक स्वतः एखाद्या सोसायटीच्या, मंडळाच्या वा विश्वस्त निधीच्या समितीवर असतात. अभिप्राय देणारे आणि तो सोसणारे असे एकाच घरांत नांदत आहेत.

गोष्ट मुंबईच्या पूर्व उपनगरांतील एका जुन्या संस्थेची आहे. नांव सांगण्याचें कारण नाहीं. अशा संस्था मुलुंडापासून बोरिवलीपर्यंत ठिकठिकाणीं आहेत. एक ग्रंथालय, आठवड्यांतून दोनदां संस्कृताचा वर्ग, वसंतांत व्याख्यानें, आणि सात जणांची कार्यकारी समिति. त्या सातांत आम्ही एक. संस्थेला संकेतस्थळ हवें असें ठरलें आणि काम आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे दिलें. ती पूर्वीं अंधेरीस मरोळ भागांतील एका कचेरींत नोकरीला होती. मूल झाल्यावर घाटकोपरच्या घरीं बसून स्वतंत्रपणें हींच कामें घेऊं लागली. मोबदला चाळीस हजार रुपये, निम्मा आधीं, निम्मा काम पुरें झाल्यावर. इतिवृत्तांत ठराव लिहिला गेला तो असा: "संस्थेचें सुंदर व आधुनिक संकेतस्थळ करून घ्यावें." काम देणाऱ्यांनीं काम करणारीला सांगितलें तें एवढेंच.

ज्यांच्या घरीं सत्यनारायण होतो त्यांस ठाऊक आहे कीं, पूजेच्या आरंभीं यजमानाला संकल्प सोडावा लागतो. कोणत्या स्थळीं, कोणत्या काळीं, कोण, कशासाठीं हें कर्म करीत आहे, तें उच्चारल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. गुरुजी कितीहि विद्वान असले तरी संकल्प यजमानाचाच. आम्हां सात यजमानांपैकीं एकानेंहि हें स्थळ कोणासाठीं आहे, आणि तेथें येणाऱ्याला काय करतां आलें पाहिजे, तें सांगितलें नव्हतें.

याच्या उलट उदाहरण आमच्या शेजारींच आहे. मुलुंडापासून पवई कांहीं दूर नाहीं. तेथील आय. आय. टी. मध्यें १९६९ सालीं निघालेलें औद्योगिक रचनेचें केंद्र आहे. रुपयाला स्वतंत्र चिन्ह हवें म्हणून भारत सरकारनें २००९ सालीं स्पर्धा जाहीर केली, तेव्हां चिन्हांत देशाच्या इतिहासाचें व संस्कृतीचें प्रतिबिंब असावें, तें नेहमींच्या कळफलकावर बसवितां यावें, अशा अटी आरंभींच सांगून टाकल्या होत्या. पवईच्या त्या केंद्रांत शिकलेले डी. उदयकुमार यांचें चिन्ह १५ जुलै २०१० रोजीं मान्य झालें: देवनागरी र आणि उभी दांडी गाळलेला रोमन आर यांचा मेळ, आणि वर शिरोरेषेची आठवण देणाऱ्या दोन समांतर रेघा. तें चिन्ह आवडणें न आवडणें हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न झाला. परंतु तें सांगितलेल्या अटींत बसतें कीं नाहीं, याचा विचार कोणासहि शांतपणें करतां येतो. "सुंदर व आधुनिक" या अटींत काय बसतें आणि काय बसत नाहीं, हें बृहस्पतीलाहि सांगतां येणार नाहीं.

पहिला आराखडा जुलैंतील एका रविवारीं आला आणि त्याचा दुवा उत्साहाच्या भरांत सर्व वर्गणीदारांनाहि धाडण्यांत आला. त्याच रात्रीं व्हॉट्सॲपवर समितीचे अभिप्राय सुरू झाले ते साडेअकरापर्यंत चालले. एकास मुखपृष्ठ भगवें हवें होतें. दुसऱ्याच्या मतें भगव्यानें गैरसमज होईल, म्हणून निळें. अध्यक्षांचें छायाचित्र लहान झालें होतें, आणि दिवंगत संस्थापकांचें त्याहून मोठें झालें होतें. कोषाध्यक्षांना बातम्यांच्या वाहिन्यांवर असते तशी खालून धांवणारी ओळ पाहिजे होती. एका सभासदांनीं पानें आपल्या पुण्याच्या जावयांना दाखवून त्यांचें प्रतिकूल मत कळविलें. (जावई याच व्यवसायांत आहेत, हें आम्हांस मागाहून समजलें.) आणि एकांनीं लिहिलें, "ठीक आहे, पण मजा येत नाहीं." हें शेवटचें वाक्य आम्हीं पुढें पुष्कळ वेळां आठविलें. मजा न येणें ही व्यथा खरी असेल. परंतु वैद्यापुढें जाऊन "बरें वाटत नाहीं" एवढेंच म्हणून गप्प बसणाऱ्याला त्यानें औषध कोणतें द्यावें?

आम्ही या गलबल्यापासून दूर राहिलों याचा आम्हांस अभिमान होता. नातवाकडून सगळीं पानें कागदावर छापून घेतलीं, तांबड्या शाईचें पेन काढलें, आणि तीन दिवस बसून त्रेसष्ट शेरे लिहिले. ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हें, "कार्यक्रमांची यादी" याऐवजीं "कार्यक्रमावलि", एका वाक्यांत दोनदां आलेलें "तसेंच", अशा जातीचे ते होते. शेवटीं शाळेंतल्या संवयीनें "अधिक काळजीपूर्वक काम करणें अवश्य" असें लिहून खालीं सही केली आणि कागद घाटकोपरास पाठवून दिले.

आठ दिवसांनीं तिचा निरोप आला. "सर, त्रेसष्टहि दुरुस्त्या केल्या आहेत. एक विचारूं का? ग्रंथालय कोणत्या वारीं बंद असतें, तें आपल्याला स्थळावर सांपडलें का?"

आम्हीं तें शोधलेंच नव्हतें. शोधण्याची आम्हांस गरज नव्हती. सुटी गुरुवारावरून सोमवारावर नेण्याचा ठराव त्याच वर्षीं आम्हींच मांडला होता. आतां चष्मा लावून फोनवर शोधूं लागलों. मुखपृष्ठावर कांहीं नव्हतें. "आमच्याविषयीं" या पानावर संस्थेचा इतिहास होता, वार नव्हता. "संपर्क" या पानावर संस्थेच्या दारावरील पाटीचें छायाचित्र होतें आणि त्या पाटीच्या तळाशीं बारीक अक्षरांत वेळा व वार होते. सात मिनिटें लागलीं. तें छायाचित्र आम्हीं समितीनेंच तिला दिलें होतें. वेळांचा मजकूर तिनें दोनदां मागूनहि कोणीं दिला नव्हता.

त्याच आठवड्यांत भांडुपचे एक वर्गणीदार, वय ब्याऐंशी, नवलाईनें तो दुवा उघडून वार पाहूं गेले, त्यांस कांहीं सांपडलें नाहीं, आणि सोमवारीं भर पावसांत येऊन बंद दारावरून परत गेले. आमच्या त्रेसष्ट शेऱ्यांपैकीं एकानेंहि त्यांची ती फेरी वांचली नसती.

आम्ही घाटकोपरास गेलों. चहा झाल्यावर तिला विचारलें, "अगं, इतकें ठाऊक होतें तर आधींच कां नाहीं बोललीस?" ती म्हणाली, "सर, तुमच्या तांबड्या शाईपुढें अजून बोलवत नाहीं." आठवींत असतां निबंधाच्या वहींत "अधिक काळजीपूर्वक काम करणें अवश्य" हा शेरा तिला मिळाला होता. निबंध कोणता होता तें ती विसरली होती. शेरा तिला शब्दशः पाठ होता. आम्हीं अशा किती वह्या तपासल्या असतील याचा हिशेब त्या क्षणीं मनांत आला आणि तो पुरा करवला नाहीं. मग तीच म्हणाली, "तुम्ही सांगाल तें सगळें मी बदलून देतें. पण तुम्हांला काय करायचें होतें आणि तें कोठें अडलें, एवढेंच मला सांगा. औषध मी शोधीन."

परततांना लोकलमध्यें आम्हांस कालिदासाचें मालविकाग्निमित्र आठवत होतें. पहिल्या अंकांत गणदास आणि हरदत्त या दोघां नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा तंटा लागतो आणि निवाडा परिव्राजिका कौशिकीवर सोंपविला जातो. ती आचार्यांचीं आत्मस्तुतीचीं भाषणें ऐकत बसत नाहीं. शिष्यांचा प्रयोग पाहूं म्हणते. आणि पात्रांनीं थोडक्या वेषभूषेंत यावें, म्हणजे अंगांचें सौष्ठव उघड दिसेल, अशी अट घालते. आमच्या विद्यार्थिनीच्या व्यवसायांतहि हीच रीत आहे, असें त्या दिवशीं कळलें: रंग, चित्रें, अलंकार कांहीं न घालतां पानाचा नुसता रेघांचा सांगाडा आधीं दाखवावा आणि त्यावर बोलून घ्यावें. तिनें तो आम्हांस दाखविलाहि होता. "हें अजून पुरें झालेलें दिसत नाहीं," म्हणून समितीनें तो न पाहतांच परत केला होता.

दुसऱ्या अंकांत मालविकेचा प्रयोग संपल्यावर कौशिकी नुसतें "छान" म्हणून थांबत नाहीं. अर्थ अंगांनीं कसा सूचित झाला, पाउलें लयीशीं कशीं जुळलीं, भाव कसा टिकला, तें एकेक करून सांगते. स्तुति करावयाची तीहि सकारण. त्यानंतर विदूषक मध्येंच म्हणतो कीं, एक चूक झाली आहे. गणदास बिचारा घाबरतो. चूक काय, तर पहिल्या प्रयोगाच्या आधीं ब्राह्मणाची पूजा व्हावयास पाहिजे होती, ती राहिली! अध्यक्षांच्या लहान छायाचित्राची हरकत हीच. या प्रवेशाची आणखी एक गंमत आहे. हा सगळा परीक्षेचा घाट घातला जातो तो राजाला मालविका डोळे भरून पाहतां यावी म्हणून. नाट्याची परीक्षा हें निमित्त. अभिप्राय मागणाऱ्याच्या वा देणाऱ्याच्या मनांत दुसरेंच कांहीं असलें कीं, कलावंताचें काम कितीहि चोख असो, तें बाजूला राहतें. पुण्याच्या जावयांविषयीं आम्ही अधिक लिहीत नाहीं.

आतां उपयोगी पडला तो शेरा कसा होता तें सांगतों. एका सभासदांनीं "अक्षरें परकीं वाटतात" असें म्हटलें होतें आणि सर्वांनीं तें हंसण्यावारीं नेलें होतें. ते खरें बोलत होते. कारण मात्र त्यांस सांगतां येत नव्हतें. निर्णयसागर छापखान्याच्या ग्रंथांवर ज्यांचे डोळे घडले त्यांस तें कारण चटकन् दिसतें: पानावरील ल आणि श हिंदी वळणाचे होते. यालाहि इतिहास आहे आणि तोहि आमच्या उपनगरांतूनच जातो. पवईच्या केंद्रांत शिकविलेले आणि पुढें जुहूच्या राष्ट्रीय संगणक संस्थेंत काम केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं "मंगल" नांवाचा टंक रचला. तो विंडोज २००० बरोबर घरोघर पोंचला आणि संगणकावर देवनागरी वाचणें सामान्यांना शक्य झालें. हें उपकार मोठे आहेत. परंतु त्यांतील ल व श हिंदींत रूढ असलेल्या वळणाचे होते, आणि मराठी मुलें तींच वळणें पाहत वाढूं लागलीं. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ रोजीं मराठी वर्णमालेविषयीं निर्णय काढला त्यांत आपलीं वळणें निश्चित केलीं आहेत. आम्हीं तिला एवढेंच कळविलें: "ल आणि श मराठी वळणाचे नाहींत, आमच्या वर्गांतील मुलें येथें पाहून तसेच गिरवितील." ती म्हणाली, पानाची भाषा मराठी आहे अशी खूण आंतल्या लिखाणांत करावयाची राहिली होती; टंकांत दोन्ही वळणें असलीं तर त्या खुणेनें मराठी वळण आपोआप उमटतें. दहा मिनिटांत काम झालें. "अक्षरें परकीं वाटतात" या वाक्यावर तिनें दोन रात्री जागून तीन निरनिराळे टंक बदलून पाहिले होते.

तिचेंहि चुकलें होतें, तें लपविण्याचें कारण नाहीं. मजकुराचें अक्षर तिनें पांढऱ्यावर फिक्या करड्या रंगाचें ठेविलें होतें. तरुण डोळ्यांना तें नाजूक दिसतें, मोतीबिंदूच्या डोळ्यांना तें दिसतच नाहीं. आम्ही "अक्षर मोठें करा" असें लिहिणार होतों. तिचें म्हणणें लक्षांत ठेवून, "संध्याकाळीं दिव्याच्या उजेडांत वाचतां आलें नाहीं" एवढेंच लिहिलें. तिनें मोजून पाहिलें. अक्षर आणि पार्श्वभूमि यांच्या उजळपणांत निदान साडेचारास एक असें प्रमाण असावें, असा सर्व जगांत मानला जाणारा नियम २००८ पासून आहे. हिचें प्रमाण तीनाच्याहि आंत होतें. तिनें रंग गडद केला, आकार आहे तोच ठेविला, आणि आम्हांस सुखानें वाचतां आलें. आम्ही सुचविणार होतों त्या औषधानें अक्षर मोठें झालें असतें आणि फिकेंच राहिलें असतें.

दुसरी तिची चूक अशी कीं, प्रत्येक सूचनेला ती "हो" म्हणत गेली. किती वेळां बदल करून देणार, अखेरचा शब्द सातांपैकीं कोणाचा, हें तिनें लिहून घेतलें नव्हतें. मुद्रितें तपासतांना तिसऱ्या प्रुफांत नवा मजकूर घुसडणाऱ्या लेखकांना जुने छापखानेवाले जुळणीचा जादा खर्च लावीत, आणि त्या धाकानें लेखक वठणीवर येत. येथें धाक कोणताच नव्हता. भगव्याचें निळें, निळ्याचें पुन्हां भगवें, असें पांच वेळां झालें, आणि भाद्रपदांतील सभेंत कोषाध्यक्षांनीं सांगितलें कीं, काम मनासारखें नाहीं, सबब उरलेले वीस हजार देऊं नयेत.

त्या सभेंत आम्ही प्रथमच समितीविरुद्ध बोललों. आमच्या एका वकील स्नेह्यांकडून कायदा समजून घेऊन गेलों होतों. तो वाचकांनींहि ध्यानांत ठेवावा, कारण तो दोन्ही बाजूंच्या उपयोगाचा आहे. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयींच्या कायद्याप्रमाणें, "उद्यम" नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असल्यास करारांतील मुदतींत, पण कोणत्याहि परिस्थितींत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आंत द्यावे लागतात. करार नसल्यास १५ दिवसांच्या आंत. उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढ धरून, व्याज पडतें. आणि कामाविषयीं हरकत असेल तर ती काम हातीं आल्यापासून १५ दिवसांत लेखी द्यावी लागते; न दिल्यास काम स्वीकारलें असें समजतात. घरीं बसून, एक पैहि न भरतां होणारी ती नोंदणी तिनें केलेली होती. कोषाध्यक्षांची हरकत तोंडी होती, आणि काम हातीं येऊन दोन महिने होत आले होते. अध्यक्ष बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, तुमची विद्यार्थिनी म्हणून बोलतां." आम्हीं "होय" म्हटलें. त्या दिवसापासून कोषाध्यक्ष आमच्याशीं कामापुरतेंच बोलतात.

शेवटला आराखडा रंग न भरतांच आला. या वेळीं समितीला तो दाखविला नाहीं. डेन्मार्कचे याकोब नील्सन या विषयांतले जाणते समजले जातात. त्यांनीं २००० सालीं असें मांडलें कीं, पांच माणसांना वापरून पाहूं दिलें तरी मांडणींतले बहुतेक दोष उघडे पडतात. म्हणून तिनें पांच वर्गणीदारांना ग्रंथालयांत बोलाविलें, भांडुपच्या गृहस्थांसह. एकेकाच्या हातीं फोन दिला आणि एकेक काम सांगितलें: बंद वार पाहा, एखादें पुस्तक आहे कीं नाहीं तें शोधा, वर्गाचें शुल्क काढा. आम्हांस तिनें मागें खुर्चीवर बसविलें आणि बजावलें, "सर, कोणी अडलें तरी सांगायचें नाहीं." चौतीस वर्षांत इतकें अवघड काम आम्हांस कोणीं दिलें नव्हतें. शुल्काच्या पानाशीं तिघे अडले. तिनें तें कागदावर टिपून घेतलें आणि कोणाला कांहीं विचारलें नाहीं. भांडुपच्या गृहस्थांचा अंगठा बंद वारापाशीं मात्र लगेच पोंचला. ते म्हणाले, "सोमवार. तो आतां मी जन्मांत विसरणार नाहीं."

तिचे वीस हजार मार्गशीर्षांत पोंचले. व्याज तिनें मागितलें नाहीं. मागावयास पाहिजे होतें, असें आमचें मत आहे, आणि तें आम्हीं तिला लेखी कळविलें आहे, निळ्या शाईनें.